युद्ध सरले, भिंती उरल्या

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. वर्ध्याला लागून असलेली सिंदी मेघे ती निराळी आणि सेलू तालुक्यातील आमची सिंदी ती निराळी. दोहोंत गल्लत होऊ नये म्हणून आमच्या गावाला सिंदी (रेल्वे) म्हणतात. इ. स. १८६७ मध्ये जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग नागपुरास येऊन पोचला, आणि त्या मार्गावरील एक स्टेशन या नात्याने आमच्या गावाला जे नाव मिळाले ते आजतागायत कायम आहे. विमानाचा आणि सिंदीचा संबंध मात्र आला तो केवळ डोक्यावरून. येथे विमानतळ कधी नव्हता व आजही नाही. तेव्हा अशा गावच्या माणसाने युद्धकाळातील विमानतळांच्या पडक्या इमारतींवर लेखणी का चालवावी, असा प्रश्न वाचकांपैकी कोणी केला तर तो वावगा म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर इतकेच की, ज्याचे बालपण स्टेशनाच्या सावलीत गेले त्याला बंद पडलेल्या ठिकाणांचे कुतूहल जरा अधिक असते. स्टेशनावर रोज गाड्या येतात-जातात, म्हणून ते जिवंत राहते. तितक्याच खटपटीने बांधलेले, पण जेथे येणारे कोणी उरले नाही असे ठिकाण पाहिले म्हणजे वास्तूचा प्राण नेमका कशात असतो, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

किल्ल्यांवर, लेण्यांवर व जुन्या वाड्यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धाने आपल्या भूमीवर ज्या खुणा ठेवल्या त्यांकडे आपल्या लेखकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. याचे कारण उघड आहे. ते युद्ध आपले नव्हते, ते आपणांस न विचारता आपल्यावर लादले गेले, आणि ज्या वर्षी त्या इमारती उभ्या राहत होत्या त्याच वर्षी आपले खरे लक्ष दुसऱ्याच लढ्याकडे लागलेले होते. ज्या गोष्टीचा अभिमान वाटत नाही आणि जिची लाजही वाटत नाही, ती गोष्ट स्मरणातून सर्वांत आधी जाते. या इमारतींचे तसेच झाले आहे.

थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले; मार्चमध्ये रंगून गेले; एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानी विमानांनी कोलंबो, विशाखापट्टणम् व काकिनाडा येथे बाँब टाकले. हिंदुस्थानचे संरक्षण वायव्य सरहद्दीवर करावयाचे, अशी जी शंभर वर्षांची समजूत होती ती दोन महिन्यांत उलटी झाली, आणि शत्रू पूर्वेकडून येणार हे स्पष्ट झाले. तेव्हा सरकारने विमानतळ बांधण्याचा असा काही सपाटा लावला की, पुढील दीड-दोन वर्षांत देशभर दोनशेहून अधिक धावपट्ट्या तयार झाल्या. बंगाल व आसामात त्या सर्वांत दाट होत्या. चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी, कलाईकुंडा ही खरगपूरच्या परिसरातील नावे त्या काळी अमेरिकन वैमानिकांच्या तोंडी होती. बी-२९ जातीची प्रचंड विमाने १९४४ साली तेथून उडत. या अजस्र कामासाठी यंत्रे थोडी आणि माणसे पुष्कळ अशी स्थिती होती. दगड फोडणारे हात, खडी वाहणाऱ्या पाट्या आणि दगडी रूळ ओढणारी माणसे यांच्या जोरावर ते काम पुरे झाले. युद्धात पंचवीस लाख हिंदी सैनिक होते, ही संख्या इतिहासात नमूद आहे. खडी वाहणाऱ्या बायांची संख्या मात्र कोणत्याही ग्रंथात आमच्या वाचनात आलेली नाही.

आपल्या मुलखात या लाटेचा जोर पूर्वेएवढा नव्हता, तरी ती येथेही पोचली. नागपूरचे सोनेगाव पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासूनच वैमानिक दलाच्या उपयोगात होते. दुसऱ्या युद्धात तेथील जुन्या इमारतींची डागडुजी करून रॉयल एअर फोर्सने त्याचा वाटेवरच्या मुक्कामासारखा उपयोग केला. देशाच्या मध्यावर असलेले ठिकाण, शत्रूच्या टप्प्याबाहेर, आणि मुंबईहून कलकत्त्याकडे जाणाऱ्याच्या सोयीचे. मुक्कामास याहून चांगली जागा कोणती? गोंदियाजवळ बिरसी येथे १९४० च्या सुमारास धावपट्टी तयार झाली. अकोल्याजवळ शिवणी येथे १९४३ साली सार्वजनिक बांधकाम खात्याने ती बांधली. पुण्याचे लोहगाव १९३९ चे, बेळगावचे सांबरे १९४२ चे. मुंबईस सांताक्रूझचा तळ युद्धकाळात विमानदलाकडे होता. कल्याणजवळच्या नेवाळीचा तळही १९४२ चा; त्याची कथा पुढे येईल.

आमचे वडील त्या वेळी दहा-बारा वर्षांचे होते. सिंदीचा तान्हा पोळा साऱ्या वऱ्हाड-नागपुरात नावाजलेला आहे. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातील मुले लाकडी नंदी सजवून मिरवीत नेतात, आणि त्या दिवशी गावाला जत्रेचे रूप येते. वडील सांगत की, युद्धाच्या दिवसांत एका वर्षी गावातल्या एका मुलाने सुताराकडे हट्ट धरून नंदीऐवजी चाकांचे लाकडी विमान करवून घेतले आणि ते दोरीने ओढीत मिरवणुकीत आणले. म्हाताऱ्यांनी त्यास दटावले, "त्याला काय चारा घालशील, का त्यानं वावर नांगरशील?" असा प्रश्न त्या मुलास कोणी केला, आणि तो बिचारा विमान काखोटीला मारून घरी परतला. वडील ही गोष्ट हसत सांगत. आम्हांस मात्र अलीकडे त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नात, त्याला स्वतःला ठाऊक नसलेला, पुष्कळ अर्थ दिसू लागला आहे.

युद्ध १९४५ मध्ये संपले. त्यानंतर या सर्व तळांचे जे झाले त्याचे ढोबळ मानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार भाग्यवंतांचा. लोहगाव १९४७ मध्ये हिंदी विमानदलाकडे आले आणि आजही त्याच कामी आहे. सांबऱ्यास वायुदलाची प्रशिक्षण शाळा आहे. सांताक्रूझची गंमत तर अशी की, विमानदलाने सोडून दिलेली दोन जुनी हँगरे साफसूफ करून प्रवाशांसाठी खुली करण्यात आली, आणि एके काळी लढाऊ विमानांच्या दुरुस्तीसाठी असलेल्या त्या पत्र्याच्या छपराखाली मुंबईचे परदेशी जाणारे पाहुणे निरोपाचे हार घालून उभे राहू लागले. सोनेगावच्या वाट्याला तर याहून गोड काम आले. १९४९ साली रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांहून रात्री निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, आपापल्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटे आपल्या गावी परतत. ज्या डाकोटा विमानांनी युद्धात सैनिक व दारूगोळा वाहिला, त्याच जातीची विमाने आता लोकांच्या खुशालीची पत्रे वाहू लागली. पुढे काळ बदलला, ती योजना बंद पडली. तथापि युद्धाच्या जागेचा शांततेच्या कामी इतका सुंदर उपयोग जगात फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

दुसरा प्रकार अर्धवट झोपेत असलेल्यांचा. बिरसीची धावपट्टी कित्येक वर्षे जवळजवळ निरुपयोगी पडून होती. पुढे तेथे वैमानिकांच्या शिक्षणाची संस्था आली, आणि मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमानही उतरले. शिवणीची धावपट्टी मात्र आखूड पडते. ती वाढवावयाची तर कृषी विद्यापीठाची जमीन लागते, आणि या घोळात वर्षांमागून वर्षे गेली आहेत. विमानाने शेताकडे जमीन मागावी आणि शेताने ती देताना मागेपुढे पाहावे, हा १९४२ चाच प्रसंग निराळ्या वेषात पुन्हा उभा राहिला, असे कोणी म्हटले तर ते अगदीच चूक ठरणार नाही. तिसरा प्रकार सर्वस्वी टाकून दिलेल्यांचा, आणि याच तिसऱ्या प्रकारातील एका तळावर आम्ही गेल्या हिवाळ्यात एक संपूर्ण दिवस घालविला. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण असे तळ अनेक आहेत आणि त्यांची स्थिती सारखीच आहे.

आमच्यासोबत आमचा एक जुना विद्यार्थी होता. महाविद्यालयातील पहिल्या वर्षी तो आमच्या इंग्रजीच्या तासाला बसत असे. पुढे तो स्थापत्यशास्त्राकडे वळला, आणि आज पूल बांधतो. इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या माणसाला पडक्या वास्तूंचे वेड असणे स्वाभाविक आहे. विलायतेतील कवींनी जुन्या मठांच्या भग्न भिंतींवर व त्यांवर चढलेल्या वेलींवर किती प्रेम केले आहे, हे आम्ही तीस वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. परंतु हे खरे की, सिमेंटच्या भग्नावशेषात ती शोभा नसते. दगड झिजला तर गोमटा दिसतो. सिमेंट झिजले तर केवळ आजारी दिसते. काळपट डाग, उघडी पडलेली लोखंडी गजांची जाळी, चौकटी काढून नेलेल्या खिडक्यांची भोके, अशा या इमारती पाहून प्रथमदर्शनी कोणाच्याही मनात काव्य उत्पन्न होणार नाही.

तरी त्या मुकाट्याने पुष्कळ सांगतात. दुमजली, चौकोनी, वर गच्ची व तिला लोखंडी कठडा असलेली इमारत दिसली की ती टेहळणीची कचेरी समजावी. तेथून विमानांची ये-जा पाहिली जाई. धावपट्टीपासून दूर, झाडीत, घोड्याच्या नालेच्या आकाराचे मातीचे उंच बांध दिसतात. त्यांच्या पोटात एकेक विमान ठेवीत. सर्व विमाने एके ठिकाणी ठेवली तर एकाच बाँबने सर्वांचा नाश होईल, म्हणून ती अशी पांगवून ठेवण्याची रीत होती. आज त्या बांधांवर बाभळी वाढल्या आहेत, आणि ठाऊक नसलेल्या माणसाला ते एखाद्या जुन्या तलावाचे काठ वाटतात. दारूगोळ्याची कोठारे त्याहूनही दूर, निम्मी जमिनीत पुरलेली. राहण्याच्या बराकींपैकी बहुतेक नाहीशा झाल्या. कारण त्यांचे छप्पर पत्र्याचे होते आणि पत्रा हा टिकाऊ असला तरी एका जागी टिकणारा पदार्थ नव्हे. अर्ध्या पिंपासारखी दिसणारी पत्र्याची झोपडी १९१६ साली मेजर पीटर निसेन या अभियंत्याने काढली. ती सहा माणसांनी चार तासांत उभी करावी आणि तितक्याच वेळात मोडून न्यावी हाच तिचा मुख्य गुण. तेव्हा ती मागे न उरली तर नवल नाही. युद्धानंतर सरकारच्या डिस्पोजल खात्याने जे विकावयाचे ते विकले; उरलेले लोकांनी नेले. पूर्वेकडे धावपट्टीसाठी भोके पाडलेले पोलादी तक्ते अंथरीत. दहा फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सुमारे तीस किलो वजनाचा तो तक्ता आजही आसाम-मणिपुरात कुंपणांना व ओढ्यांवरील साकवांना लावलेला दिसतो. लढाईच्या वस्तूने शेताचे कुंपण व्हावे, याहून तिची चांगली गती ती कोणती?

आमचा विद्यार्थी भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, "सर, ही इमारत पंचवीस वर्षांसाठीसुद्धा बांधलेली नाही. युद्ध संपेपर्यंत उभी राहावी, एवढाच हिशेब होता." मग त्याने आम्हांस तिच्या पडण्याची कारणे समजावून सांगितली. युद्धकाळात पोलाद व सिमेंट यांची टंचाई. म्हणून गज बारीक आणि त्यांवरील सिमेंटचा थरही पातळ. या थरातून हवा व पाणी आत शिरले की लोखंड गंजते, आणि गंजलेले लोखंड मूळच्या लोखंडाहून पुष्कळ अधिक जागा व्यापते; ते आतून फुगते आणि बाहेरचे सिमेंट कवच्यांप्रमाणे गळून पडते. त्यात ही आमची काळी कपाशीची जमीन. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळून हातभर फाटते. वर्षातून दोनदा ती पायाला उचलते व सोडते. या जमिनीवर घर बांधावयाचे तर काळी माती खणून काढून खाली मुरूम भरावा लागतो. धावपट्टीखाली तो भरला होता, म्हणून धावपट्टी अजून सरळ आहे. घाईने बांधलेल्या इमारतींखाली तो पुरेसा भरला नव्हता, म्हणून त्यांच्या कोपऱ्यांतून वरपर्यंत तिरप्या भेगा गेल्या आहेत. राहिलेले काम पिंपळ करतो. "पिंपळाला घाई नसते, सर," असे तो म्हणाला, आणि आम्हांस वाटले की, आमचा विद्यार्थी पूल बांधत असला तरी आमच्या तासाला अगदीच झोपत नव्हता.

टेहळणीच्या कचेरीच्या खालच्या खोलीत कडबा रचलेला होता आणि दाराशी दोन शेळ्या बांधल्या होत्या. एक वृद्ध शेतकरी तेथे बसले होते. आम्ही कोण, कशाला आलो, याची विचारपूस झाल्यावर आम्ही विचारले, "बाबाजी, हे घर कोणाचे?" ते म्हणाले, "घर सायबाचं व्हय जी, पन वावर आमच्या आज्याचं. इमानं गेले, सायब गेले, पन वावर काही वापस आलं नाही." हे त्यांनी रागाने सांगितले नाही. पाऊस यंदा कमी झाला, हे ज्या स्वरात सांगावे त्या स्वरात सांगितले. त्या घरात आज कडबा आहे तो कोणाच्या परवानगीने, हे आम्ही विचारले नाही. ज्यांच्या आजोबांच्या शेतात ते घर उभे आहे त्यांनी तेथे शेळ्या बांधल्या तर त्यात अधर्म तो कोणता झाला?

परंतु या एका वाक्याने आमच्या त्या दिवसाच्या हौसेचे स्वरूपच पालटले. आम्ही इमारती पाहण्यास गेलो होतो. त्या इमारतींखाली जमीन असते, आणि त्या जमिनीला कोणीतरी धनी असतो, हे आम्हांस ठाऊक होते, पण ते भिंतीएवढे स्पष्ट दिसले नव्हते. परतल्यावर आम्ही त्या काळचे कागद पाहू लागलो तेव्हा आमच्याच जिल्ह्याचे नाव पुढे आले. जुलै १९४२ मध्ये वर्ध्यास काँग्रेसच्या कार्यकारिणीची बैठक भरली, ती 'भारत छोडो'च्या ठरावासाठी सर्वांस ठाऊक आहे. त्याच बैठकीत आणखी एक ठराव झाला होता, तो मात्र कोणाच्या लक्षात नाही. लष्करी कामासाठी गावे खाली करविण्यात येत आहेत, जमिनी व घरे पुरेशी सूचना व योग्य भरपाई न देता घेण्यात येत आहेत, अशा तक्रारींची त्यात दखल घेतली होती. म्हणजे ज्या वेळी मोठ्या स्वातंत्र्याची मागणी लिहिली जात होती, त्याच वेळी त्याच ठिकाणी या लहान वावरांचाही विचार झाला होता. पुढील महिन्यात नेते तुरुंगात गेले, १६ ऑगस्टला आमच्या जिल्ह्यातील आष्टीस आणि शेजारच्या चिमुरास रक्त सांडले, आणि त्या धामधुमीत वावरांचा ठराव मागे पडला तो पडलाच.

कायद्याच्या भाषेत यात एक बारकावा आहे, आणि सारे दुःख त्या बारकाव्यातच साठलेले आहे. भारत संरक्षण कायद्याखाली सरकारला जमीन दोन रीतींनी घेता येई. एक, तात्पुरता ताबा. काम झाले की परत. दुसरी, कायमचे संपादन. मोबदला दिला की संबंध संपला. युद्धाच्या घाईत कोठे ताबा झाला, कोठे संपादन झाले, कोठे एकाचे दुसऱ्यात रूपांतर झाले. १९४७ मध्ये ताब्याची मुदत चालू ठेवणारा कायदा झाला. १९५२ मध्ये या विषयाचा नवा कायदा झाला. खेड्यातील माणसाला मात्र एवढेच ठाऊक होते की, लढाईसाठी जमीन दिली आणि लढाई संपली. कल्याणजवळच्या नेवाळीस हेच झाले. तेथे १९४२ साली अनेक गावांची सोळाशे एकरांहून अधिक जमीन विमानतळासाठी घेण्यात आली. युद्धानंतर विमाने गेली, धावपट्टी पडून राहिली, आणि शेतकऱ्यांनी त्या जमिनीत पुन्हा नांगर धरला. जमीन संरक्षण खात्याची आहे, असे सरकारचे म्हणणे. ती केवळ युद्धापुरती घेतली होती, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. नौदलाने कुंपणभिंत घालण्यास आरंभ केला तेव्हा २२ जून २०१७ रोजी या वादाचा भडका उडाला. वाहने जळली, पोलीस व ग्रामस्थ दोघेही जखमी झाले. महायुद्ध संपून बहात्तर वर्षे झाली होती. दोन्ही पक्षांचा न्याय आम्ही येथे करू इच्छीत नाही, तो आमचा अधिकारही नाही. परंतु ज्या इमारतींस आपण निर्जीव समजतो त्या इतक्या निर्जीव नाहीत, एवढे तरी यावरून ध्यानात यावे.

येथे आमच्या काही मित्रांचा आक्षेप आम्ही आधीच मांडून ठेवतो. ते म्हणतात, "परक्या राजाने परक्याच्या युद्धासाठी, आमच्या शेतकऱ्याची जमीन घेऊन, घाईघाईने बांधलेल्या या कुरूप भिंती, त्या जपण्याचे खूळ कशाला? पडू द्या त्या." हा आक्षेप हलका नाही. तथापि आमचे म्हणणे असे की, भिंत पडली म्हणजे केवळ राजाची खूण जात नाही, त्या शेतकऱ्याचीही जाते. "येथे माझ्या आजोबांचे वावर होते" हे सांगण्यास त्या वृद्धांजवळ सात-बाराचा उतारा नव्हता. बोट दाखविण्यास ती कचेरी होती. ती कोसळली की त्यांच्या नातवाला बोट दाखवावयासही काही उरणार नाही. अन्यायाचा पुरावा अन्याय करणाऱ्याच्याच वास्तूत राहावा, हे विचित्र आहे. पण इतिहासात असे पुष्कळदा घडते.

शिवाय वास्तू टिकते ती कशाने, याचा एक धडा आमच्या घरापासून दूर नाही. सिंदीहून गाडीने थोड्या वेळात सेवाग्रामास जाता येते. १९३६ साली गांधीजी शेगावात येऊन राहिले तेव्हा, शंभर रुपयांहून अधिक खर्च होऊ नये आणि गावातलीच माती, बांबू व कवेलू वापरावे, अशी त्यांची अट होती. ती मातीची कुटी आज ऐंशीहून अधिक पावसाळे पाहून उभी आहे. तिच्या बांधणीत सिमेंटचा कण नाही, पोलादाची कांब नाही. ती उभी आहे, कारण दर वर्षी कोणीतरी तिच्या भिंती सारवतो, कोणीतरी कवेलू फेरतो, कोणीतरी दारातले पान उचलतो. त्याच काळात, त्याच काळ्या मातीच्या मुलखात, साम्राज्याच्या सामर्थ्याने बांधलेल्या सिमेंटच्या इमारती मोडून पडल्या. यावरून आम्ही असे समजतो की, वास्तू सामग्रीने टिकत नाही, ती तिच्याकडे परत येणाऱ्या माणसांनी टिकते. पुण्याजवळ खडकीस युद्धातील मृतांची स्मशानभूमी आहे. पश्चिम व मध्य हिंदुस्थानात जेथे नीट देखभाल होणे शक्य नव्हते तेथील सैनिकांच्या कबरी तेथे आणून ठेवल्या. तेथील हिरवळ आजही कापलेली असते. ज्यांना परत येणारी माणसे मिळाली त्यांची स्मृती राहिली. पाट्या वाहणाऱ्यांना ती मिळाली नाहीत.

मग करावे काय? विलायतेत अशा बहुतेक तळांची पुन्हा शेते झाली, ते योग्यच झाले. पण डक्सफर्डसारखा एखादा तळ त्यांनी संग्रहालय म्हणून हँगरांसकट जपला. आपणही सर्वच जपावे असे आम्ही म्हणत नाही. प्राचीन स्मारकांविषयीचा आपला १९५८ चा कायदा शंभर वर्षे जुन्या वास्तूंस संरक्षण देतो. १९४२ च्या इमारतीस ती शंभर वर्षे २०४२ साली भरतील. आमच्या विद्यार्थ्याच्या मते आम्ही पाहिलेल्या कचेरीला तेवढे आयुष्य उरलेले नाही. तेव्हा कायद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. प्रत्येक जिल्ह्यातील एखादी टेहळणीची कचेरी, एखादा विमानाचा बांध, निवडून राखावा; त्यावरचा पिंपळ वेळीच काढावा, गच्चीचे पाणी वाहून जाईल असे करावे, उघड्या गजांवर सिमेंट चढवावे. यास फार पैसा लागत नाही. महाविद्यालयांतील इतिहासाच्या व स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी मोजमापे घ्यावीत, नकाशे काढावेत, आणि नव्वदीच्या घरातील जी माणसे अजून आहेत त्यांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवावे. हे शेवटचे काम उद्यावर टाकण्याजोगे नाही. आणि जेथे जमिनीचा वाद आहे तेथे सरकारने १९४२ चे मूळ कागद उघड करावेत. ताबा की संपादन, हे जुन्या कागदावर जे असेल ते लोकांस वाचू द्यावे. इमारतीवर पाटी लावावयाची तर तीवर केवळ कोणत्या तुकडीची कोणती विमाने येथे होती एवढेच असू नये. कोणत्या गावांची किती एकर जमीन यात गेली, तेही असावे. आणि ती गावांची नावे वर असावीत, विमानांची खाली.

आम्ही हे लिहीत असता आमच्या सिंदीजवळ मालवाहतुकीचे एक मोठे केंद्र उभारण्याचे काम चालू आहे. समुद्रापासून इतक्या दूर आमच्या गावी बंदर होणार, असे लोक कौतुकाने म्हणतात. ते व्हावे, त्याने आमच्या मुलांस काम मिळावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे. मात्र ते ज्या वावरांवर उभे राहत आहे त्यांची नावे, त्यांचे धनी, त्यांत काय पिकत असे, हे आजच कोणीतरी एका वहीत लिहून ठेवावे. गोदामेही सिमेंटचीच असतात, आणि त्यांनाही कधीतरी पिंपळ फुटतो. त्या दिवशी तेथे कोणी बाहेरगावचा मनुष्य येऊन "हे घर कोणाचे?" असे विचारील, तेव्हा उत्तर देण्याचा भार एखाद्या वृद्धाच्या एकट्याच्या स्मरणावर पडू नये.